पहिला घाणा कोणाचा?

बायकोला उपासाची आवड आहे असे सांगितले, तर ऐकणारे कौतुकाने माना डोलावतात. तिला कढईतून नुकत्याच काढलेल्या घारग्यांची आवड आहे असे सांगून पाहा. भुवया चढल्याच म्हणून समजा! नवऱ्याची हीच आवड खवय्येगिरी ठरते आणि चार पाहुण्यांत अभिमानाने सांगितली जाते. बायकोचे मात्र जिभेचे चोचले. या दुटप्पीपणाशी माझे भांडण आहे, आणि घरोघर कढया चढलेल्या असताना ते मी मुद्दामच उकरून काढतो आहे.

आमच्या सौभाग्यवतीला घारगे आवडतात. पण गार झालेले नव्हेत. लाल भोपळा किसून गुळात शिजवायचा, निवल्यावर त्यात मावेल तेवढी कणीक आणि थोडे तांदळाचे पीठ घालायचे, पाण्याचा थेंब लावायचा नाही, आणि खसखस लावून थापलेला घारगा तेलात सोडायचा. तो टम्म फुगून झाऱ्यावर निथळू लागला की तिचा चेहरा पाहावा! अर्ध्या तासाने तोच पुढे केला तर म्हणते, "अहो, हा घारग्याचा चुलतभाऊ."

हे लाड नव्हेत, हे पदार्थविज्ञान आहे. (पेशाने मास्तर असल्यामुळे सांगितल्यावाचून राहवत नाही.) तेलात पडताच पिठातल्या पाण्याची वाफ बाहेर धावते, वरचा पापुद्रा कोरडा, कुरकुरीत होतो आणि आत मऊपणा राहतो. बाहेर काढल्यावर आतला ओलावा हळूहळू पापुद्र्याकडे सरकतो, अंगावरचे तेल आत मुरते, आणि घारगा चिवट होतो. चकलीत ओलावा फारसा उरतच नाही, म्हणून ती डब्यात सुखाने नांदते. घारगाही प्रवासात दोन दिवस टिकतो हे खरे. पण टिकणे निराळे आणि चवीला असणे निराळे. त्याची ऐन चव पाच-दहा मिनिटांची, आणि नेमकी तेवढी मिनिटे तळणारीच्या वाट्याला येत नाहीत.

यावर शास्त्री मंडळी नैवेद्य पुढे करतात. ठीक आहे, पहिला देवाचा. पण दुसऱ्यापासून विसाव्यापर्यंत सगळे देवच जेवायला बसलेले असतात काय? दुसरी सबब अधिक लबाड आहे: "तळणाऱ्याचे वासानेच पोट भरते." भरते खरे! तासभर तेलाच्या धगीपाशी बसल्यावर कोणाचीही भूक मरेल. म्हणून झारा दुसऱ्याने हाती घ्यायचा, की तिला शेवटचे तीन गार घारगे ठेवायचे?

अमेरिकेत घारग्याचा लांबचा नातलग शोभेल असा डोनट खातात. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, साल्व्हेशन आर्मीच्या स्वयंसेविकांनी फ्रान्समध्ये सैनिकांना ते तळून घातले. त्यांच्या सन्मानार्थ १९३८ साली शिकागोत डोनट-दिन सुरू झाला. तो जूनच्या पहिल्या शुक्रवारी अजून पाळतात. तो दिवस तळणाऱ्या बायकांच्या नावाने आहे, हे ध्यानात घ्या. आम्ही 'सुगरण' एवढा एक शब्द फेकतो आणि ताट पुढे सरकवतो.

आमच्या घरी आता नियम असा: देवाचा काढून ठेवला की पुढचा झारा धरणाऱ्याचा, आणि दर दोन घाण्यांनी झाऱ्याचा हात बदलायचा. "मला तळता येत नाही" हे चालणार नाही. ज्यांना नवा मोबाइल एका संध्याकाळीत उमगतो, त्यांना मंद आच आणि मोठी आच यांतला फरक न उमगायला काय झाले?

माझ्या ऐंशी वर्षांच्या आत्याबाई या नियमावर भलत्याच रागावल्या. "आमच्या वेळी असली थेरं नव्हती," म्हणाल्या. साठ वर्षे त्यांनी घरादाराला घारगे तळून घातले आहेत. सौभाग्यवतीने काही न बोलता कढईतला एक त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी फुंकर घालून कड मोडली, जराशी चावली आणि हळूच विचारले,

"ही कड अशी कुरकुरीत असते होय गं?"