औंढ्याचे देऊळ फिरले, समीक्षा फिरली नाही

मराठीत फँटसी कादंबरी का रुजली नाही, असा प्रश्न निघाला की उत्तर ठरलेले असते. आपला पिंड वास्तवाचा. अद्भुत हा एक तर बालसाहित्याचा प्रांत, नाही तर साहेबाची आयात. आमच्या एका विद्यार्थ्याला एम. ए.च्या प्रबंधिकेसाठी हाच विषय घ्यायचा होता. टोल्किनची महाकादंबरी त्याने भाषांतरातून वाचली होती. न जुळणारी माणसे एका वाटेला लागतात, श्रद्धा कसाला लागते, चुकलेल्याला परतीचा रस्ता मिळतो, असे काही आपल्याकडे आहे का, एवढेच त्याला शोधायचे होते. विषय 'गंभीर नाही' ह्या शेऱ्यासह परत आला. त्याने मग ग्रामीण कादंबरीतील स्त्रीचित्रण घेतले. (ह्या विषयावरच्या प्रबंधिका मोजणे आम्ही सोडून दिले आहे.)

हा विद्यार्थी औंढा नागनाथ तालुक्यातला आहे. त्याच्या तालुक्याच्या गावचे देऊळ नामदेवाच्या कीर्तनासाठी फिरले, अशी कथा तो जन्मापासून ऐकत आला आहे. नंदी मागच्या बाजूला का, ह्याचे उत्तर तिथले लहान मूलही देते. गुरू ग्रंथसाहिबात नामदेवाची 61 पदे आहेत. त्यांतल्या एकातही देऊळ फिरल्याची ही हकिगत येते. म्हणजे जी गोष्ट हिंगोलीपासून पंजाबपर्यंत पोहोचली, ती आपल्या मराठी विभागाच्या दारात अडते.

आमचे म्हणणे असे की, मराठीत ही जातकुळी नव्हतीच असे नाही. समीक्षेने तिची वाटणी केली. 'तीर्थावळी'चे अभंग घ्या. ज्ञानदेव पंढरपुरास येऊन नामदेवाला तीर्थयात्रेस चल म्हणतात. एक संन्याशाचा पोर म्हणून वाळीत टाकलेला, नाथपंथी योगी, ग्रंथकर्ता. दुसरा शिंपी, विठ्ठलाचे पाय सोडायला नाखूश. देव स्वतः नामदेवाचा हात ज्ञानदेवांच्या हाती देतो आणि मागे राहून त्याच्यासाठी झुरतो. मारवाडच्या वाळवंटात दोघांना तहान लागते. विहीर खोल आहे. ज्ञानदेव योगसिद्धीने सूक्ष्म होऊन आत उतरतात, पाणी पिऊन येतात, नामदेवासाठीही आणायला तयार असतात. नामदेवाला तसे पाणी नको आहे. तो विठ्ठलाचा धावा करतो आणि विहीर भरून वाहू लागते. दोन सोबती, दोन वाटा, एकच तहान. ह्याहून नेमका प्रसंग कोणत्या शोधकथेत आहे?

पण कथा तिथे थांबत नाही, आणि आमच्या मते संतकथांच्या ह्या मालिकेचे खरे बळ इथेच आहे. विहिरीपाशी जिंकलेला हाच नामदेव गोरा कुंभाराच्या थापटण्याखाली कच्चे मडके ठरतो. पंढरीचा देव पंढरीतच आहे, ही त्याची खात्री हाच त्याचा कच्चेपणा. ती मोडते औंढ्यात. पिंडीवर पाय ठेवून निजलेला विसोबा खेचर म्हणतो, जिथे देव नाही तिथे माझे पाय ठेव. आणि पाय ठेवावेत तिथे पिंडी उगवते. हा विसोबा तरी कोण? मांडे भाजायला मुक्ताबाईला खापर मिळू न देणारा, त्या चार भावंडांचा छळ करणारा. ज्ञानदेवांच्या तापलेल्या पाठीवर मांडे भाजलेले पाहून तो त्यांच्या उष्ट्यावर तुटून पडला. ज्याने छळले तोच पुढे गुरू झाला. उद्धाराची कथा म्हणतात ती ही.

आपण वर्गात हे कसे शिकवतो? नामदेव एक की अनेक, जन्म नरसीचा की पंढरपूरचा, कोणता अभंग विष्णुदास नाम्याचा. हे वाद आवश्यक आहेत, आम्हीही घालतो. मात्र ते संपले की तास संपतो. नामदेवाच्या नावावरच्या एका आत्मकथनपर अभंगात तो पूर्वीचा वाटमाऱ्या आहे. औंढ्याच्या देवळात रडते मूल आणि त्याची विधवा आई भेटते, तिचा नवरा आपल्याच हातून गेला हे त्याला कळते. अनेक अभ्यासकांनी हा अभंग आपल्या नामदेवाचा नव्हे असा निर्वाळा दिला. असेलही. परंतु अस्सल नाही म्हणून तो वाङ्मयही उरत नाही, हे कोणत्या शास्त्रात बसते?

हीच वाटणी कादंबरीच्या इतिहासात पुन्हा झाली. बनियनची रूपककथा हरी केशवजींनी 1841 साली 'यात्रिकक्रमण' म्हणून मराठीत आणली. तिच्यात वाट आहे, सोबती आहेत, राक्षस आहेत आणि पापाचे ओझेही आहे. आपल्या इतिहासग्रंथांत तिच्या वाट्याला सहसा एखादी ओळ येते, कारण ती भाषांतर. पुढे बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटन'ने (1857) प्रवास ठेवला, श्रद्धा ठेवली, अद्भुत गाळले. हळबेशास्त्र्यांच्या 'मुक्तामाले'ने (1861) अद्भुत घेतले, पण त्या श्रद्धेची कसोटी घेतली नाही. भालचंद्र नेमाड्यांनी ह्या दोन कादंबऱ्या आणि 'मोचनगड' (1871) धरून तीन प्रवृत्ती सांगितल्या. मांडणी मोलाची आहे. आम्ही तिच्यावरच वाढलो. पण आम्हा प्राध्यापकांच्या हातात तिचे रेशनकार्ड झाले. 'यमुनापर्यटन'च्या रांगेत गांभीर्य, 'मुक्तामाले'च्या रांगेत रंजन. दोन्ही एकाच वेळी मागणाऱ्याला खिडकी बंद. नेमाड्यांना ह्याचा दोष देणे सोपे आहे, योग्य नाही. तीर्थावळीला कथा म्हणून हात लावायची भीती आमची आहे: भाविक रागावतील, किंवा सहकारी हसतील.

परिणाम असा की, आज लिहू पाहणाऱ्या हिंगोलीच्या मुलाला अद्भुत हवे असेल तर बर्फाळ डोंगर आणि टोकदार कानांची माणसे उसनी आणावी लागतात. कयाधूकाठी नरसी आहे, तिथून निघालेली एक वाट पंजाबातल्या घुमानपर्यंत जाते, हे त्याला ठाऊक असते. फक्त ती वाट कादंबरीची होऊ शकते असे त्याला कोणी सांगितलेले नसते. 2015 साली घुमानला अखिल भारतीय साहित्य संमेलन भरले तेव्हा आपण नामदेवाला एकात्मतेचा दूत केले. त्याची कथा मात्र मंडपाबाहेरच राहिली.

येत्या वर्षी तोच विषय आम्ही दुसऱ्या विद्यार्थ्याच्या नावे पुन्हा पाठवणार आहोत. शीर्षकात 'तीर्थावळी' असेल आणि 'फँटसी' हा शब्दही असेल. शेरा काय येतो ते इथेच कळवू.