कावळ्यांचा खून

सकाळी सात वाजता माणूस दाढी करत असताना त्याच्या कानाजवळ 'मर्डर' हा शब्द मोठ्याने उच्चारू नये, एवढा साधा नियम आमच्या घरात कोणी पाळत नाही. परवा पाचवीतल्या कन्येने तो उच्चारला आणि माझ्या हनुवटीवर तिसरी रेघ उमटली. (पहिल्या दोन गॅस संपल्याच्या बातमीच्या.) मी साबण पुसत बाहेर आलो तर कन्या पुढे-मागे झुलत पाठ करत होती, "अ मर्डर ऑफ क्रोज, अ पार्लमेंट ऑफ आउल्स..."

"कुठे झाला खून?"

"खून नाही हो बाबा, समूहवाचक नाम आहे. उद्या टेस्ट आहे."

आता मी पडलो वाणिज्य शाखेचा पदवीधर. समूह म्हटला की मला महिनाअखेरीस काउंटरवर उभा राहणारा समूह आठवतो, आणि त्याच्या संदर्भात खून हा शब्द मला अगदीच अपरिचित वाटत नाही. पण कावळ्यांनी कोणाचं काय केलं? खिडकीबाहेर विजेच्या तारेवर सातआठ कावळे बसले होते. चेहऱ्यावरून एकही गुन्हेगार दिसत नव्हता. फार तर त्यांना नगर परिषदेचे सदस्य म्हणता आलं असतं.

जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून मी या प्रकरणाचा माग काढला. निघालं ते असं. पंधराव्या शतकात इंग्लंडातल्या खानदानी मंडळींना शिकारीला गेल्यावर कोणत्या जनावराच्या घोळक्याला काय म्हणायचं, हे पाठ असावं लागे. ते आलं नाही की माणूस गावंढळ ठरे. त्यासाठी याद्या निघाल्या. त्यातलं सगळ्यात गाजलेलं पुस्तक 1486 साली सेंट आल्बन्स गावात छापलं गेलं आणि ते डेम ज्युलियाना बर्नर्स नावाच्या बाईंच्या खात्यावर जमा आहे. त्यात चंडोलांच्या थव्याला 'उन्नयन' म्हटलंय, डोमकावळ्यांच्या टोळक्याला 'निर्दयपणा'. इथवर ठीक. पण त्याच यादीत न्यायाधीशांच्या घोळक्याला 'शिक्षा' म्हटलंय आणि जोगिणींच्या घोळक्याला 'अतिरेक'. म्हणजे बाईंनी किंवा ज्या कोणी लिहिलं त्यांनी चक्क टिंगल केली होती. घुबडांची पार्लमेंट तर त्या पुस्तकात नाहीच, ती फार अलीकडची. चौदाव्या शतकात चॉसर नावाच्या कवीने पार्लमेंट भरवली होती खरी, पण ती सगळ्या पक्ष्यांची, आणि तीही लग्नं जुळवायला. तात्पर्य, साडेपाचशे वर्षांपूर्वी इंग्लंडच्या उमरावांनी केलेला एक विनोद आज वाशीमच्या पोरांना व्याकरण म्हणून पाठ करावा लागतो. माझे विनोद पाच मिनिटांनी बायकोच्या लक्षात राहत नाहीत. असूया वाटते ती इथे.

त्याच पुस्तकात आणखी एक यादी आहे. कोणत्या दर्जाच्या माणसाने कोणता शिकारी पक्षी मनगटावर बसवावा याची. बादशहाला गरुड, अर्लला बहिरी ससाणा, बाईसाहेबांना मर्लिन, साध्या शेतकऱ्याला बाज, धर्मगुरूला चिमण्या मारणारा ससाणा. आणि अगदी शेवटी, देवळात पवित्र पाणी शिंपडणाऱ्या कारकुनाला त्याच ससाण्याचा नर, मस्केट. शिकारी पक्ष्यांत नर मादीपेक्षा लहान असतो. म्हणजे कारकुनाच्या वाट्याला पक्षी आला तोसुद्धा बायकोपेक्षा लहान. कारकुनाला जगात कुठेही, कोणत्याही शतकात बढती नाही हे मला एकदाचं कळलं. पुढे त्याच मस्केटच्या नावाची बंदूक निघाली. हा आमच्या वर्गाचा एकमेव ऐतिहासिक सूड.

संध्याकाळी ही माहिती मी आमच्या कॉलनीतल्या एका गृहस्थांना सांगितली. गृहस्थ विद्वान आहेत. दोन्ही मुलं परदेशी असल्यामुळे त्यांना इंग्रजीबद्दल घरच्यासारखा जिव्हाळा आहे. ते म्हणाले, "हीच तर इंग्रजीची श्रीमंती! प्रत्येक पाखराच्या जमावाला वेगळा शब्द. आपल्याकडे काय? सगळ्यांना मेला एक 'थवा'."

मंडळी, मी स्वभावाने भांडखोर नाही. पासबुक तीन महिने न भरता आलेल्या गिऱ्हाइकाशीही मी गोड बोलतो. पण हा 'मेला थवा' मला लागला.

मी म्हटलं, "काका, पाखरासाठी त्यांचा जुना शब्द होता 'फाउल'. आकाशात उडणारं जे काही ते फाउल. 'बर्ड' म्हणजे तेव्हा नुसतं पिल्लू. आज फाउल म्हणजे काय? कोंबडी! फारसीत 'मुर्ग' म्हणजे कोणताही पक्षी. आपल्याकडे येईपर्यंत तोही रश्श्यात पडला. आमचं पाखरू मात्र ज्ञानेश्वरीत होतं तसंच अजून पाखरू आहे. सातशे वर्षांत त्याला कोणी फोडणी दिली नाही. कोणती भाषा श्रीमंत?"

काका 'हं' म्हणाले. विद्वान माणसाचा 'हं' म्हणजे हप्ता थकला असून खातं अजून बुडीत नाही, असा असतो.

मी थांबलो नाही. ज्ञानेश्वरीतली चोचीने समुद्र मोजायला निघालेली टिटवी काढली. मुंगीची वाट आणि पाखराची वाट हा दृष्टान्त काढला. बाराव्या शतकातल्या कल्याणीच्या सोमेश्वर राजाने 'मानसोल्लास' ग्रंथात राजाच्या करमणुकी सांगताना ससाण्याच्या शिकारीलाही जागा दिली, ते काढलं. बहिरी ससाणा हा कानाने बहिरा नसून तो फारसीतला 'बहरी', म्हणजे दर्यावर्दी, हेही सांगून टाकलं. आणि कावळ्यांच्या समूहाला आपण काय म्हणतो? तेंडुलकरांनी नाटकाला नाव दिलं 'कावळ्यांची शाळा'! इंग्रजाने कावळे एकत्र पाहिले आणि खून म्हटला. आपण त्यांची शाळा भरवली. मारुती चितमपल्ली जन्मभर वनखात्याच्या नोकरीत विदर्भातली जंगलं हिंडले, तिथल्या आदिवासींकडून शब्द गोळा केले, पक्षिकोश केला, आणि कावळ्यांच्या वसाहतीला 'काकागार' असा देखणा शब्द दिला. त्यांना पद्मश्री मिळाली 2025 साली, आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. आमच्या मुलीच्या टेस्टमध्ये काकागार नाही.

विजयी मुद्रेने घरी आलो आणि लगेच कन्येचा वर्ग घेतला. खिडकीतून बोट दाखवून विचारलं, "तारेवर तो दुभंगलेल्या शेपटीचा काळा पक्षी कोणता?"

"ब्लॅक बर्ड."

"कोतवाल तो! घारीच्यासुद्धा मागे लागतो. आपल्या झाडावर सगळे बलुतेदार राहतात, बेटा. खोड ठोकतो तो सुतार. पानं शिवतो तो शिंपी. पाणवठ्यावर शेपूट आपटतो तो परीट. टुक टुक करतो तो तांबट. काट्याला किडे टोचून ठेवतो तो खाटीक. कुंभारकावळा आहे, आणि त्यालाच भारद्वाजही म्हणतात. म्हणजे एकाच अंगात कुंभार आणि ऋषी. बिचाऱ्याने जातीचा दाखला काढायला जाऊ नये. सातभाई आहेत, त्यांना इंग्रजांनी सात बहिणी केलं. वेडा राघू तारेवरून उडतो, माशी धरतो आणि पुन्हा त्याच जागेवर येऊन बसतो. हुबेहूब मी आणि चहाची टपरी."

कन्येने शांतपणे ऐकून घेतलं. मग वही उघडून विचारलं, "हे पण पाठ करायचं का?"

त्या एका प्रश्नाने माझा पार कावळा झाला. साधा नव्हे, महाभारतातला. कर्णपर्वात शल्य कर्णाला गोष्ट सांगतो. उष्ट्यावर पोसलेला एक कावळा हंसाला म्हणतो, मला उडण्याचे एकशे एक प्रकार येतात. आणि यादीच म्हणून दाखवतो: उड्डीन, अवडीन, प्रडीन, संडीन... हंस म्हणतो, मला बापा एकच येतो, सगळ्या पाखरांना येतो तो. दोघे समुद्रावर निघतात. थोड्याच वेळात कावळ्याची चोच पाण्याला लागते. शेवटी हंसच त्याला पाठीवर घेऊन परत आणतो. काकांची यादी इंग्रजी, माझी मराठी. दोघेही आरामखुर्चीतून बोलत होतो आणि दोघांनीही कैक वर्षांत झाडाखाली मान वर केलेली नव्हती.

हे मी विसरूनही गेलो असतो. पण नंतरच्या सोमवारी शाखेत एक फासेपारधी गृहस्थ आले. वय साठीच्या पुढे. बंद पडलेलं खातं सुरू करायचं होतं. मी फॉर्म पुढे ओढून विचारलं, "व्यवसाय?"

"राखन करतो साहेब. तनमोराची."

मी संगणकाच्या पडद्यावरच्या पर्यायांकडे पाहिलं. शेती, नोकरी, व्यापार, मजुरी, गृहिणी, इतर. तणमोराची राखण नव्हती.

तणमोर म्हणजे गवतात राहणारा, कोंबडीएवढा, माळढोकाच्या कुळातला पक्षी. पावसाळ्यात नर उंच गवतातून माणसाएवढी उडी मारतो, मादीला दिसावं म्हणून, दिवसातून शेकडो वेळा. जगात आता थोडे उरलेत. 2021 पासून तो अतिसंकटग्रस्तांच्या यादीत आहे. आणि त्याच्या मोजक्या ठिकाणांत आपला अकोला-वाशीमचा माळ येतो. ज्यांचे बापजादे त्याला फाशात धरत, त्या पारध्यांतलेच काही आता त्याची अंडी राखतात. ज्यांना इंग्रजांनी 1871 च्या कायद्याखाली जन्मजात गुन्हेगार ठरवलं आणि 1952 साली कायदा गेल्यावरही गावाने ठरवत ठेवलं, ते हे लोक. कावळ्यांच्या घोळक्याला खून म्हणणारी यादी आणि माणसांच्या घोळक्याला गुन्हेगार म्हणणारी यादी, दोन्ही एकाच देशातून आल्या. पहिली आपण पोरांकडून पाठ करून घेतो. दुसरी आपल्याला न शिकताच पाठ आहे. त्यांचं आधार कार्ड मी दोनदा उलटून पाहिलं होतं, तेव्हा मला सांगायला हरकत नाही.

मी विचारलं, "बाबा, त्या उडीला तुमच्यात काय म्हणतात?"

ते हसले. "हाये एक शब्द आमच्या बोलीत. पन मी नाई सांगत. तुमी लिहून घेसान, पेपरात छापसान, मंग लोक पाहाले येतीन मोटारी घेऊन."

"नाही छापणार."

"ऱ्हाऊ द्या ना साहेब. शब्द कायले? गवत ठेवा म्हना लोकाइले. गवत ऱ्हायलं तं तो उडी मारते. मंग शब्द आपोआपच ऱ्हाते."

मी मान खाली घातली, कारण गवताचा हिशेब माझ्याच टेबलावर होता. आपल्याकडे सरकारी चराईच्या माळाला कागदावर 'ई क्लास' म्हणतात आणि खासगी माळाला 'पडीक'. पडीक! ज्या जमिनीवर ससा, तित्तिर, लावा, काळवीट, तणमोर नांदतात, ती दप्तरात पडलेली. एकदा तिला पडीक म्हटलं की ती उठवणं हे पुण्यकर्म होतं. नांगर येतो, सोयाबीन येतं. आणि ते यावं म्हणून सपाटीकरणाच्या कर्जाची प्रकरणं गेल्या पंधरा वर्षांत मी स्वतः नीटनेटकी लावली. 'जमिनीचा प्रकार' या रकान्यात 'पडीक' हा शब्द माझ्या हस्ताक्षरात किती वेळा आहे, हे माझं मलाच माहीत. शेतकऱ्याला दोष देणार नाही. त्याला पोट आहे. पण त्या रकान्यात 'गवताळ माळ' एवढे दोन शब्द असते, तर निदान कोणीतरी पेन उचलण्याआधी विचारलं असतं की तिथे कोण राहतं.

म्हणून काका, आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. मला कावळ्यांच्या खुनाचं काही वाटत नाही. पोरांनी खुशाल इंग्रजी शिकावं, गमती म्हणून त्या यादीत हसावं. माझं भांडण आहे ते शाळेशी, जी वाशीमच्या पोराला इंग्लंडच्या उमरावाचा विनोद मार्कांसाठी विचारते आणि तारेवरचा कोतवाल विचारत नाही. माझं भांडण आहे फॉर्म बनवणाऱ्याशी, ज्याला माळ आणि पडीक यांतला फरक कळत नाही. आणि तो फॉर्म गेली पंधरा वर्षं भरणाऱ्याशीही आहे, पण त्याच्याशी मला रोज जेवावं लागतं, म्हणून ते जरा दबक्या आवाजात.

त्या दिवशी व्यवसायापुढे मी 'इतर' हा पर्याय निवडला आणि तपशिलाच्या जागी टंकलं: 'तणमोराची राखण'. वरून शेरा आला, 'कृपया व्यवसायाचे स्वरूप स्पष्ट करावे.' मी उत्तर पाठवलं, 'पक्षी व गवत सांभाळणे.' त्यावर अजून काही आलेलं नाही. प्रकरण प्रलंबित आहे. खातं मात्र सुरू झालंय.

कन्येला टेस्टमध्ये दहापैकी नऊ मिळाले. एक मार्क गेला तो कावळ्यांवर. तिने लिहिलं होतं, 'अ स्कूल ऑफ क्रोज.' बाईंनी लाल पेनाने खोडून वर लिहिलं होतं, 'मर्डर'.