मुलीला हेच शिकायचे आहे!

दसऱ्याला सोने द्यायला आलेला माणूस सोने देतो, आग्रह झालाच तर चहा घेतो आणि पुढच्या घरी जातो. आमचे शेजारी नाना मात्र यंदा आपट्याची पाने माझ्या हातावर ठेवून जे कोचावर बसले, ते उठेनात.

"सर, तुम्ही कॉलेजातले," शेवटी ते म्हणाले. "आमच्या धाकटीला जरा समजवा. बारावीनंतर बी.कॉम. कर म्हणतो, तर म्हणते मानसशास्त्र घेणार. आणि पुढे काय, तर मनाला धक्का बसलेल्या मुलांशी बोलणार! अहो, बोलायला का पदवी लागते?"

मराठीच्या प्राध्यापकाला जगातले सगळे अभ्यासक्रम ठाऊक असतात, हा आमच्या सोसायटीचा जुना समज. एरवी मी तो हसून मोडला असता. पण नानांचा शेवटचा प्रश्न मला लागला. कारण ऑगस्ट २०१९ पर्यंत माझेही मत तेच होते.

त्या महिन्यात सांगलीला आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी सत्तावन्न फुटांवर गेले. पाणी उतरू लागल्यावर राष्ट्रीय सेवा योजनेची मुले घेऊन मी तिकडच्या एका छावणीत गेलो. चादरी, बिस्किटे वाटून झाली. मग माझ्यातला मास्तर जागा झाला. छावणीतल्या मुलांना गोळा करून मी कागद वाटले आणि विषय दिला: 'पूर आला ती रात्र'. बहुतेकांनी चार-चार ओळी खरडल्या. आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा पेन्सिल मुठीत धरून नुसता बसला होता. मी त्याच्याजवळ जाऊन पाठीवर हात ठेवला. "सांग बाळ, काय झालं? बोललास की मन मोकळं होईल." दोनदा विचारले, तीनदा विचारले. तो बोलला नाही. त्याची चड्डी ओली झाली. मुले हसली. त्याची आजी धावत आली आणि माझ्याकडे न पाहता त्याला घेऊन गेली.

मी पुण्य करून आलो अशा समजुतीने घरी परतलो, हे आधी कबूल करतो. त्यातला एक चांगला निबंध कॉलेजच्या फलकावरही लावला! पुढे जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली काढलेली, मानसिक प्रथमोपचारावरची एक पुस्तिका वाचनात आली. पाहा, ऐका, योग्य मदतीशी जोडून द्या, एवढेच तिचे सूत्र. घडले ते सांगण्याची बळजबरी कोणावरही करू नका, असे तिने बजावले आहे. मुलाला आधी हवे असते आपले माणूस, वेळेवर जेवण, रोजचा क्रम. सांगायचे ते मूल पुढे कधीतरी चित्रातून, खेळातून, पुन्हा पुन्हा पाडलेल्या आणि बांधलेल्या ठोकळ्यांच्या घरातून सांगते. ते ओळखायला शिकावे लागते.

"पदवी लागते, नाना," मी म्हणालो.

मग वाट सांगितली. बी.ए.ला मानसशास्त्र, त्यावर दोन वर्षांचे एम.ए. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करायचे तर भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी हवी. त्यासाठी एम.ए.नंतर रुग्णालयात दोन वर्षे एम.फिल. करण्याची जुनी रीत. पण २०२० च्या शैक्षणिक धोरणाने एम.फिल.च मोडीत काढल्याने तो रस्ता बदलतो आहे. तेव्हा प्रवेश घेताना परिषदेची मान्यता आहे की नाही, हे पाहिल्याशिवाय फी भरू नये. दुसरी वाट एम.एस.डब्ल्यू.ची. देवनारची टाटा समाजविज्ञान संस्था १९३६ पासून हे शिक्षण देते. संकटातल्या मुलांसाठीचा १०९८ हा दूरध्वनी १९९६ साली तिच्याच उपक्रमातून मुंबईत सुरू झाला. यात पुस्तकांइतकेच वस्त्यांत आणि बालगृहांत फिरणे असते. आणि वाट कोणतीही असो, अनुभवी माणसाच्या नजरेखाली काम केल्याशिवाय हात तयार होत नाही. तीन महिन्यांच्या प्रमाणपत्रावर पाटी लावणारे आहेत, नाही असे नाही. त्यांच्यात आणि फलकावर निबंध लावणाऱ्या माझ्यात फार फरक नाही!

"नोकरी?" नानांनी मुद्द्याला हात घातला.

शाळा, रुग्णालये, बालगृहे. लैंगिक अत्याचारापासून बालकांच्या संरक्षणाचा कायदा २०१२ साली झाला, त्याच्या २०२० च्या नियमांनुसार खटला संपेपर्यंत मुलाला साथ देणारी व्यक्ती नेमता येते. तिथेही अशी माणसे लागतात. पगार बँकेसारखा नाही, तेही सांगून टाकले.

एवढ्यात धाकटीच बापाला शोधत आली. मी विचारले, "काय गं, हे खूळ कुठून आलं?"

"खूळ नाही, काका. माझ्या वर्गातल्या मैत्रिणीचे बाबा २०२१ मध्ये करोनात गेले. शाळा उघडल्यावर तिला स्टेजवर बोलावून वह्या दिल्या, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीपण वाजवल्या. दुसऱ्या दिवसापासून ती डबा खायला आमच्यात बसेना. मला काय बोलावं तेच कळेना."

नाना पायांकडे पाहत होते. मग मीही सांगलीची हकिकत सांगितली, फलकासकट. तिने शांतपणे ऐकून घेतले.

"त्या मुलाचं नाव काय होतं, काका?"

मी ते विचारलेच नव्हते.

बऱ्याच वेळाने नाना उठले. दारात चपला घालता घालता म्हणाले, "त्या देवनारच्या संस्थेचं नाव जरा कागदावर लिहून द्या बघू."