तहात जमिनीचेही कलम हवे

'तहाची कलमे लिहा' हा इतिहासाच्या पेपरातला हमखास प्रश्न. प्रदेश कोणाला, खंडणी किती, कैद्यांचे काय, हे सगळे त्यात असते. जळालेल्या झाडांचे आणि नासलेल्या मातीचे कलम मात्र क्वचितच सापडते.

एक मोठा अपवाद आहे. १९९१ मध्ये माघार घेताना इराकी सैन्याने कुवेतच्या ६०० हून अधिक तेलविहिरी पेटवल्या. शेवटची विहीर विझायला नोव्हेंबर उजाडला. वाळवंटात तेलाची तळी साचली. पण त्याच वर्षी सुरक्षा परिषदेने ठराव क्र. ६८७ मध्ये पर्यावरणाच्या हानीलाही इराक जबाबदार आहे, असे स्पष्ट लिहिले. त्या दाव्यांपोटी सुमारे ५ अब्ज डॉलर मंजूर झाले. एकूण भरपाईचा शेवटचा हप्ता इराकने २०२२ साली फेडला.

आता व्हिएतनाम पाहा. १९६१ ते १९७१ या काळात अमेरिकेने तिथल्या रानांवर आणि शेतांवर ७ कोटी लिटरहून अधिक तणनाशके फवारली. कान जिओचे खारफुटीचे जंगल जवळजवळ नष्ट झाले. १९७८ पासून तिथल्या लोकांनी चिखलात उतरून ते पुन्हा लावले. २००० साली युनेस्कोने त्याला जीवावरण क्षेत्राचा दर्जा दिला. पण दा नांग विमानतळाच्या मातीतले डायॉक्सिन असे हाताने निघणारे नव्हते. ती माती बंदिस्त बांधकामात भरून तापवावी लागली. अमेरिकेच्या पैशाने हे काम सुरू झाले २०१२ मध्ये, म्हणजे युद्ध संपल्यावर तब्बल ३७ वर्षांनी!

हरलेल्याकडून वसुली ठरावाने, आणि बलवानाने द्यायचे ते मर्जीने. हा कुठला न्याय?

कोणी म्हणेल, इराकची भरपाई तिथल्या गरिबांच्या तोंडचा घास काढून दिली गेली. आक्षेप खरा आहे. एके काळी तेलाच्या उत्पन्नातला ३० टक्के वाटा सगळ्या भरपाईपोटी जात होता. म्हणून हप्ते झेपतील असे असावेत. पण नियम जेत्याला आणि जिताला एकच हवा. झाडे गावकरी लावतील. विष काढायला यंत्रे, तज्ज्ञ आणि पैसा लागतो. ते ज्याने विष टाकले त्याने द्यावे.

१९७७ च्या जिनिव्हा पुरवणी कराराने युद्धात निसर्गाची व्यापक, दीर्घकालीन आणि गंभीर हानी करण्यास मनाई केली आहे. अमेरिकेने त्याला मान्यता दिलेली नाही. आपल्या भारतानेही नाही! दुसऱ्याला शहाणपण शिकवण्याआधी आपण हे पाऊल उचलावे, असे मला वाटते.

तुमचे मत वेगळे असेल तर जरूर कळवा.