कमिशनचा हिशेब कोण समजावून देणार?

विमा कंपन्यांच्या विक्री-मोबदल्याचे हिशेब जुन्या यंत्रणेतून नव्या संगणकीय व्यवस्थेकडे नेण्याचा प्रश्न बहुधा कार्यक्षमतेचा म्हणूनच चर्चिला जातो. वस्तुतः तो श्रमाच्या मोबदल्याचा, म्हणून न्यायाचाही प्रश्न आहे.

या बदलाची निकड खरी आहे. पूर्वी विम्याच्या प्रकारानुसार कमिशनची कमाल मर्यादा ठरलेली असे. १ एप्रिल २०२३ पासून विमा नियामक प्राधिकरणाने त्याऐवजी व्यवस्थापन-खर्चाची एकूण मर्यादा ठेवली आणि कमिशनचे धोरण कंपनीच्या संचालक मंडळाकडे सोपविले. पुढे १ ऑक्टोबर २०२४ पासून एक वर्षाचा हप्ता भरून पॉलिसी सोडणाऱ्या ग्राहकालाही काही रक्कम परत मिळू लागली. साहजिकच पहिल्या वर्षी भरघोस कमिशन देणे कंपन्यांना जड जाऊ लागले. ते पुढील वर्षांत विभागणे वा पॉलिसी बंद पडल्यास परत घेणे असे मार्ग पुढे आले. एकेकाळी एका तक्त्यावर भागणारा हिशेब आता योजना, वर्ष, विक्रीचा मार्ग आणि वसुली अशा अनेक अटींत गुंतला आहे.

यावर उपाय म्हणून संमिश्र क्लाउडची व्यवस्था सुचविली जाते. पॉलिसीधारकांची मूळ नोंद कंपनीच्या स्वतःच्या संगणक-केंद्रात राहते; महिनाअखेरीस गणिताचा भार वाढला की तेवढ्यापुरती बाहेरची संगणकशक्ती भाड्याने घेतली जाते. विम्याच्या नोंदी भारतातील केंद्रांतच ठेवण्याचे बंधन २०१५ च्या नियमांनी घातलेले असल्याने ही विभागणी सोयीची ठरते. विक्री, हप्ते आणि कमिशन यांची वेगवेगळी दप्तरे त्यामुळे एकाच ठिकाणी ताडून पाहता येतात, हा लाभ मोठाच आहे.

परंतु जलद गणित म्हणजे योग्य गणित नव्हे. अमेरिकेतील वेल्स फार्गो बँकेचे उदाहरण बोलके आहे. विक्रीच्या अवाजवी लक्ष्यांपायी तेथे लक्षावधी खाती ग्राहकांच्या संमतीविना उघडली गेली. २०१६ मध्ये बँकेला १८.५ कोटी डॉलरचा दंड झाला आणि सुमारे ५,३०० कर्मचाऱ्यांनी नोकरी गमावल्याचे उघड झाले. तेथे आकडेमोड चुकली नव्हती. आकडे कशासाठी मोजावेत, हेच चुकले होते.

दुसरा धोका अपारदर्शकतेचा. १९६० च्या दशकात आयुर्विमा महामंडळात संगणक येऊ लागले तेव्हा कर्मचाऱ्यांनी नोकऱ्यांच्या भीतीने त्यास विरोध केला होता. आजच्या प्रतिनिधीचे भय निराळे आहे. खात्यात अपेक्षेपेक्षा कमी रक्कम आली तर पूर्वी शाखेतील कारकुनाला जाब विचारता येई. आता ‘संगणकाने काढलेली रक्कम’ एवढेच उत्तर मिळण्याचा संभव आहे. प्रतिनिधी हा पगारदार नोकर नसल्याने त्याच्या मागे वेतनविषयक कायद्यांचे संरक्षणही फारसे नाही.

म्हणून नव्या व्यवस्थेसोबत तीन गोष्टी आवश्यक आहेत. प्रत्येक रकमेमागील पॉलिसी, दर आणि कपात प्रतिनिधीला मराठीसह त्याच्या भाषेत दिसावी. नियम बदलल्यास तो मागील विक्रीस लागू होऊ नये व जुन्या नियमाची नोंद जपली जावी. तक्रारीचा निर्णय ठरावीक मुदतीत जबाबदार अधिकाऱ्याने द्यावा. यंत्राला ही तिन्ही कामे कठीण नाहीत; अवघड आहे तो व्यवस्थापनाचा निश्चय. ज्याच्या शब्दावर विसंबून ग्राहक वीस वर्षांचा करार करतो, त्या प्रतिनिधीचाच आपल्या कंपनीच्या हिशेबावर विश्वास नसेल, तर महागडे संगणकही विम्याचा व्यवसाय सावरू शकणार नाहीत.