कर्ज बाईच्या नावावर, मग धंदा कुणाचा?

मुद्रा योजनेला २०२५ मध्ये १० वर्षं झाली, तेव्हा सरकारने एक आकडा अभिमानाने सांगितला. योजनेतली सुमारे ६८ टक्के खाती महिलांची आहेत.

मग बायकांचे धंदे मोठे का होत नाहीत?

सहाव्या आर्थिक गणनेत (२०१३-१४) देशातल्या एकूण व्यवसायांपैकी जेमतेम १४ टक्के महिलांचे होते. त्यातही ८० टक्क्यांहून जास्त ठिकाणी एकही पगारी माणूस नव्हता. ही गणना मुद्राच्या आधीची, हे खरं. पण बचत गटांना बँकेशी जोडणं १९९२ पासूनच सुरू होतं. म्हणजे बायकांना कर्ज मिळणं काही नवीन नव्हतं.

पैसा जातो कुठे?

श्रीलंकेत अर्थशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. छोट्या धंदेवाल्यांमधून सोडत काढून काहींना फुकट भांडवल दिलं. पुरुषांचा नफा वाढला, बायकांचा नाही. ‘बायकांना धंदा जमत नाही’ म्हणणाऱ्यांना आयता पुरावाच मिळाला.

पण २०१९ मध्ये रोहिणी पांडे, एरिका फील्ड आणि सहकाऱ्यांनी भारत, श्रीलंका आणि घानामधली आकडेवारी पुन्हा तपासली. यावेळी एकट्या बाईचा नाही, अख्ख्या घराचा हिशेब लावला. ज्या घरात फक्त बाईचाच धंदा होता, तिथे तिचा नफा पुरुषांइतकाच वाढला होता. जिथे नवऱ्याचाही धंदा होता, तिथे पैसा त्याच्याकडे वळला होता.

यात दरवेळी जबरदस्तीच असते असं नाही. त्याचं दुकान आधीच चालत असेल, तर पैसे तिथे घालणं घराला परवडतं. फक्त कागदावर कर्जदार तीच राहते, आणि हप्ता थकला की गटासमोर मान खाली घालायची तिनेच.

हप्त्याची घाई

दुसरी अडचण वेळेची. शिलाई मशीन घेतलं तरी गिऱ्हाईक जमायला काही महिने जातात. हप्ता मात्र दोन आठवड्यांत सुरू. मग मशीनऐवजी लगेच विकता येईल असा माल आणला जातो, नाहीतर कर्जातलेच पैसे हप्त्यासाठी बाजूला ठेवले जातात.

कोलकात्यात काही कर्जदार महिलांना पहिला हप्ता दोन महिन्यांनी भरायची मुभा दिली गेली. त्यांनी धंद्यात जास्त पैसे घातले आणि तीन वर्षांनंतरही त्यांचा नफा इतरांपेक्षा जास्त होता. पण त्यांच्यात थकबाकीही वाढली. कर्ज देणाऱ्या संस्था ही मुभा सहजासहजी का देत नाहीत, ते इथे कळतं. फायदा होतो तिला, जोखीम येते संस्थेवर.