फोटो काढण्याची परवानगी आणि दाखवण्याची परवानगी

खासगी समारंभाच्या छायाचित्रणात तीन वेगवेगळ्या परवानग्या लागतात: घरात कॅमेरा आणण्याची, माणसाचा फोटो काढण्याची आणि तो इतरांना दाखवण्याची. पहिली यजमान देतो. उरलेल्या दोन ज्याच्या त्याने द्यायच्या असतात. ऑर्डर मिळाली म्हणजे तिन्ही मिळाल्या, असे धरून चालले की वादाला तोंड फुटते.

ठाण्यात घोडबंदर रस्त्यावरचे मानपाडा असो की डोंबिवलीचा मानपाडा रस्ता, हळद, डोहाळजेवण, बारसे अनेकदा फ्लॅटमध्ये किंवा सोसायटीच्या हॉलमध्ये होते. बाहेर पाहुणे, आतल्या खोलीत नवरीची तयारी आणि मधे एक दार. ते वाजवल्याशिवाय आत जाऊ नये. आईने ‘या’ म्हटले तरी नवरीला विचारावे, आणि शालू नेसून, पिना लावून झाल्यावरच कॅमेरा आत न्यावा. हळदीत अंगावर पाणी पडले की कपडे चिकटतात. तेव्हा फ्रेम चेहऱ्यापुरती ठेवावी. बारशात आईने बाळाला पाजायला घेतले की कॅमेरा खाली. पाहुण्याने तोंडासमोर हात धरला, तर तो नकारच समजावा. लांबची लेन्स लावून तोच फोटो पुन्हा टिपू नये.

फोटो काढणे आणि दाखवणे यांतला भेद कायदाही करतो. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 नुसार, खासगी कृत्यात असलेल्या आणि कोणी पाहत नसेल अशी रास्त अपेक्षा असलेल्या स्त्रीचे चित्रण हा गुन्हा आहे. पहिल्या दोषसिद्धीला 1 ते 3 वर्षे कैद होते. असे चित्रण तिच्या संमतीने झाले, पण प्रसाराला संमती नव्हती, तर प्रसार हाही गुन्हा ठरतो. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 66-ई शरीराच्या खासगी भागांच्या चित्रणाबाबत स्त्री-पुरुष दोघांनाही संरक्षण देते.

फोटोच्या मालकीबाबतही गैरसमज असतो. कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 17 प्रमाणे, मोबदला घेऊन कोणाच्या सांगण्यावरून काढलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसल्यास, ऑर्डर देणारा असतो. त्यामुळे लग्नाचे फोटो किंवा रील स्वतःच्या पेजवर टाकणे हा छायाचित्रकाराचा हक्क नाही. त्यासाठी परवानगी घ्यावी लागते.

ती बुकिंगच्या वेळीच लेखी घ्यावी. ‘अल्बमसाठी’ आणि ‘जाहिरातीसाठी’ अशा दोन ओळी आणि दोन सह्या पुरतात. जाहिरातीची सही नसल्यामुळे दर वाढवू नये. पाहुण्याचा चेहरा जाहिरातीत ठळक येणार असेल तर त्याला, आणि मुलांच्या बाबतीत आईवडिलांना, वेगळे विचारावे. ड्रोन उडवायची रीतसर परवानगी असली तरी शेजारच्या टॉवरच्या बाल्कन्या टिपण्याची मुभा त्यात येत नाही.

दिलेली संमती नंतर मागेही घेतली जाते. तसे कळवल्यास फोटो पेजवरून लगेच उतरवावा, आणि पूर्णपणे काढून टाकायला सांगितले असेल तर ऑनलाइन गॅलरी, हार्ड डिस्क आणि अल्बम छापणाऱ्या लॅबकडच्या फाइलमधूनही तो पुसून यजमानाला तसे कळवावे.